आधी डोंगराचा पायथा बघा

"बाई, स्कीइंग शिकायचंय. कुठला देश चांगला?"

गेल्या तीन वर्षांत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की उत्तर एकदाच नीट लिहून ठेवते आहे. विचारणारे बहुतेक माझे जुने विद्यार्थी, आता पुण्यात नोकरीला असलेले. काही सकाळी यवतेश्वरच्या घाटात धावायला भेटणारी आमची मंडळी. साताऱ्यात २९ वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. बर्फ, हिमनदी, हिमरेषा फळ्यावर खडूने काढून शिकवल्या. निवृत्त झाले आणि पुढच्याच जानेवारीत, ५९व्या वर्षी, पायाला स्की लावल्या. नोकरीत असताना ते जमणारच नव्हतं. दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा उत्तर गोलार्धात बर्फ नुकताच पडू लागलेला असतो, आणि मेची सुट्टी लागेपर्यंत तो ओसरलेला असतो.

देश कुठला, हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी ठेवते. त्याच्या आधी एक प्रश्न आहे आणि तो मला कुणीच विचारला नव्हता: त्या डोंगराच्या तळाशी काय आहे?

माझी पहिली सहल चुकली ती याच प्रश्नावर. कुठे ते लिहीत नाही, कारण ते ठिकाण वाईट नव्हतं, नवशिक्यासाठी नव्हतं इतकंच. सहल ठरवताना आम्ही नावाजलेला डोंगर निवडला. किती किलोमीटरचे उतार, किती उंचीवर जाणारी लिफ्ट, फोटो किती सुंदर, हे सगळं पाहिलं. पहिला दिवस गेला वाहनतळाच्या कडेच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावर. तिथेच मुलं घसरगाडीवर बसून येत होती, तिथूनच वरून येणारे लोक खाली उतरत होते. थांबायचं कसं, एवढं शिकून झालं. दुसऱ्या दिवशी शिक्षक म्हणाला, "आता वर चला." वर जायला दोरीवर ओढून नेणारी लिफ्ट होती. खाली यायला स्कीशिवाय काही साधन नव्हतं. सुरुवातीला उतार रुंद होता, मग एका वळणानंतर तो बैलगाडीच्या वाटेएवढा झाला आणि डाव्या हाताला दरी आली. तेवढ्यात ढग उतरले. मी स्की काढल्या, खांद्यावर घेतल्या आणि त्या जड बुटांत दीड तास चालत खाली आले. आमचे हे खाली लिफ्टच्या तोंडाशी उभे होते, त्यांना मी कुठे आहे हेही कळायला मार्ग नव्हता. उजवा गुडघा पंधरा दिवस सुजलेला होता.

गुडघा बरा झाला. मनात राहिलं ते वेगळंच. आयुष्यभर मुलांना नकाशा वाचायला शिकवला आणि स्वतः जाताना त्या डोंगराचा नकाशा उघडून पाहिला नव्हता. पुढच्या वर्षी मी आधी नकाशे काढले, तिकिटं नंतर.

पहिल्या पाच-सहा दिवसांत नवशिका माणूस डोंगराच्या तळच्या दीड-दोनशे मीटर उंचीतच राहतो. जाहिरातीतले दोनशे किलोमीटरचे उतार त्याच्या उपयोगाचे नाहीत. त्याचं सगळं शिक्षण एका छोट्या उतारावर होतं, आणि तो उतार कसा आहे यावर तो परत स्कीइंगला जाईल की नाही ते ठरतं. त्या उताराला स्कीच्या जगात नर्सरी स्लोप म्हणतात. आपल्या भाषेत बालवाडीचा उतार म्हणा. तो रुंद हवा, म्हणजे वळण घेताना कडेची भीती वाटत नाही. त्याचा शेवट सपाट किंवा किंचित चढाचा हवा, म्हणजे थांबता आलं नाही तरी माणूस आपोआप थांबतो. पहिल्या दिवशी धीर येतो तो या सपाटीमुळेच. तो उतार वेगळा, कुंपण घातलेला हवा. वरून वेगाने येणारे लोक त्यातून जाता कामा नयेत. खालच्या माणसाला पहिला हक्क, वरच्याने त्याला चुकवायचं, असा स्कीइंगचा आंतरराष्ट्रीय नियम आहे; पण शेजारून कुणी सुसाट गेलं की नवशिक्याचे पाय गोठतात, नियम काहीही असो.

आणि वर जायला मॅजिक कार्पेट हवं. हा जमिनीलगत सरकणारा रबरी पट्टा. विमानतळावर सामान ज्यावरून येतं तसा, फक्त त्यावर आपण स्कीसकट उभं राहायचं. दोन पायांच्या मध्ये थाळी किंवा पाठीमागे आडवी दांडी घेऊन ओढत नेणाऱ्या लिफ्टही असतात. त्यांच्यावर तोल सांभाळणं हीच एक वेगळी विद्या आहे. पहिल्या दिवशी ती शिकण्यात दम घालवू नये. पट्टा असेल तर एका सकाळी वीस फेऱ्या होतात. पट्टा नसेल तर स्की आडव्या टाकत, एकेक पाऊल चढत पाच फेऱ्या होतात आणि मांड्या भरून येतात.

पण नुसता बालवाडीचा उतार पुरत नाही, आणि हे फार कमी लोक बघतात. पहिलीचा वर्गही शेजारीच हवा. दोन दिवसांत तुम्हाला तो छोटा उतार पुरेनासा होतो. मग त्याच्यापेक्षा थोडा लांब, थोडा उंच, पण तितकाच शांत असा दुसरा उतार लागतो, आणि त्यानंतर तिसरा. काही प्रसिद्ध ठिकाणी तळाला सुंदर मैदान आहे आणि त्यानंतर थेट खडा डोंगर. तिथे तिसऱ्या दिवशी माणूस एक तर कंटाळतो, नाही तर माझ्यासारखा वर अडकतो. म्हणून नकाशात पायऱ्या शोधा: एक, दोन, तीन.

आता नकाशा. प्रत्येक स्की-गावाच्या संकेतस्थळावर उतारांचा नकाशा फुकट मिळतो. तो पाहून खूश होऊ नका, कारण तो नकाशा नसून चित्र आहे. हाइनरिष बेरान नावाच्या ऑस्ट्रियन चित्रकाराने विसाव्या शतकात अशी डोंगरांची विहंगम चित्रं नावारूपाला आणली. एका कागदावर सगळे उतार दिसावेत म्हणून या शैलीत डोंगर वळवून, ताणून काढतात. प्रमाण नसतं, उत्तर दिशा कुठेही असते, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) नसतात. चित्रात पसरट दिसणारा उतार प्रत्यक्षात उभा असू शकतो. त्या चित्रातून फक्त दोन गोष्टी घ्या: कुठली लिफ्ट कुठून कुठे जाते, आणि उताराचा रंग.

रंगाच्या बाबतीत मुलांना सांगायची तेच सांगते: आधी सूची वाचा. सगळ्या जगात रंगांचा अर्थ एक नाही. फ्रान्समध्ये सगळ्यात सोपा उतार हिरवा, मग निळा, लाल, काळा. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटली इथे साधारणपणे निळ्यापासूनच सुरुवात होते. अमेरिकेत हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मधला, काळा हिरा अवघड; लाल नसतोच. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी हिरवा, लाल, काळा असे तीन रंग, म्हणजे तिथला लाल हा मधला. शिवाय रंग हा त्या त्या डोंगरावरच्या इतर उतारांच्या तुलनेत दिलेला असतो. खड्या डोंगरावरचा "सोपा" हा पसरट डोंगरावरच्या "मध्यम"पेक्षा अवघड असू शकतो. म्हणून रंगावर थांबू नका, चढ मोजा.

मोजणं सोपं आहे. इंटरनेटवर ओपनस्नोमॅप किंवा ओपनटोपोमॅप हा नकाशा उघडा, त्यात समोच्च रेषा दिसतात. उताराच्या वरच्या आणि खालच्या टोकाची उंची वाचा, वजाबाकी करा, आडव्या अंतराने भागा, शंभराने गुणा. वीस मीटर उतरायला दोनशे मीटर अंतर असेल तर चढ १० टक्के. पहिल्या दोन दिवसांना एवढा पुष्कळ झाला. आल्प्समध्ये निळा उतार साधारण २५ टक्क्यांपर्यंत, लाल ४० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर काळा असा हिशेब असतो. २५ टक्के म्हणजे किती, ते साताऱ्याच्या माणसाला असं सांगते: आपल्याकडे डोंगरी रस्ते आखताना नेहमीचा चढ २० मीटरला १ मीटर, म्हणजे ५ टक्के धरतात. घाटात ब्रेक दाबून उतरतो त्या रस्त्याच्या पाचपट. कागदावर "निळा, सोपा" वाचताना हे आठवत नाही, वर उभं राहिल्यावर आठवतं. आणि सरासरीने फसू नका. सगळा उतार १२ टक्के असला तरी मध्ये कुठे समोच्च रेषा एकमेकींना चिकटल्या असतील, तर नवशिका तिथेच बसतो. रेषा जिथे दाट, तिथे बोट ठेवा आणि शाळेला विचारा की त्या टप्प्याला बाजूने वाट आहे का.

त्याच नकाशात आणखी तीन गोष्टी बघते.

पहिली, उताराचं तोंड. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन कमी, म्हणून बर्फ टिकतो आणि दिवसभर बराचसा एकसारखा राहतो. दक्षिणेकडच्या उतारावर दुपारी बर्फ वितळतो, रात्री गोठतो, सकाळी काचेसारखा होतो. नवशिक्याला काच नको. मार्चमध्ये हा फरक फार जाणवतो, जानेवारीत कमी. न्यूझीलंडला जाणार असाल तर दिशा उलट्या करा.

दुसरी, झाडं. उंचावरचे उघडे डोंगर फोटोत भव्य दिसतात, पण ढग उतरले की जमीन आणि आकाश एकच पांढरं होतं. आपण चालतोय की थांबलोय तेही कळत नाही. माझा अनुभव वर लिहिलाच आहे. सूचिपर्णी झाडांतून कापलेला उतार असेल तर ढगातही कडेची काळी खोडं दिसत राहतात, अंदाज येतो, आणि वाराही अडतो. माझ्यासाठी आता ही जवळजवळ अट झाली आहे.

तिसरी, उंची. इथे थोडं थांबते, कारण लोक "जितकं उंच तितका बर्फ" एवढंच धरून चालतात. उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हे खरं. पण अक्षांश आणि वाराही आहेच. गुलमर्ग ३४ अंशावर, म्हणून तिथे २,६५० मीटरची उंची लागते. जपानमधल्या निसेकोच्या अन्नुपुरी शिखराची उंची १,३०८ मीटर, आपल्या महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटपेक्षा (१,४३८ मीटर) कमी! तरीही ते जगातल्या सर्वांत जास्त बर्फ पडणाऱ्या स्की-भागांपैकी एक आहे. सैबेरियावरून येणारे थंडगार वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतात आणि होक्काइडो बेटाच्या डोंगरांवर ते बर्फ होऊन पडतं. मोसमी वारे सह्याद्रीला अडून महाबळेश्वरला पाऊस पाडतात, त्याचीच ही हिवाळी बहीण. फळ्यावर हे मी कितीदा काढलं असेल.

उंचीचे तोटेही आहेत. २,५०० मीटरच्या वर झोपायचं असेल तर काहींना डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं असा त्रास होतो, आणि शिकण्याचे पहिले दोन दिवस त्यात जातात. आपण मैदानातली माणसं, कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटरच आहे. झोपायची जागा खाली आणि उतार वर, ही चांगली जोडी. उलट, गाव फार खाली असेल तर वेगळी अडचण. ऑस्ट्रियातली कित्येक देखणी गावं ६०० ते ९०० मीटरवर आहेत आणि बालवाडीचे उतार गावातच. हिवाळा उबदार निघाला की वर बर्फ असतो आणि नेमका आपल्या उतारावर पाऊस पडतो. कृत्रिम बर्फ पाडणारी यंत्रं असतात, पण त्यांनाही थंडी लागतेच. अशा गावांना जायचं तर जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत.

आता देशांकडे येऊ. साताऱ्यातून निघणाऱ्या माणसाला व्हिसा, खर्च, प्रवास सगळंच बघायचं असतं.

आधी कुणीही विचारेल, गुलमर्ग का नको? अवश्य जा. तिथलं खालचं कुरण नवशिक्यासाठी उत्तम आहे आणि सरकारी स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेचे अभ्यासक्रम तिथेच चालतात. गंडोल्याने, म्हणजे दोरावरून जाणाऱ्या बंद डब्याने, वर अफरवाट शिखराकडे जायची घाई तेवढी करू नका. तो नवशिक्याचा डोंगर नाही. हा लेख बाहेर जायचं ठरवलेल्यांसाठी आहे म्हणून पुढे जाते.

जॉर्जियाबद्दल मी अधिकाराने सांगू शकते, कारण दुसऱ्या वर्षी आम्ही तिथे गेलो. राजधानी तिबिलिसीहून जायला दोन नावं पुढे येतात, गुदाउरी आणि बाकुरियानी. आपल्याकडच्या सहली बहुतेक गुदाउरीलाच नेतात, कारण ते जवळ आहे, सुमारे १२० किलोमीटर, आणि वाटेतले देखावे अप्रतिम. गाव दोन हजार मीटरच्या वर, उतार तीन हजारांच्या पुढे, लांब, रुंद आणि जवळजवळ सगळे उघडे. ज्याला थोडंफार येतं त्याला तिथे फार आनंद मिळतो. मात्र ढग आला की आडोसा नाही, आणि बर्फ जोरात पडला की हिमस्खलनाच्या भीतीने तो रस्ता बंदही होतो; परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री तिथे राहू नका. बाकुरियानी दुसऱ्या दिशेला, बोर्जोमी गावाच्या वर, सुमारे १,७०० मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जरासं उंच. आजूबाजूला सूचिपर्णींचं दाट जंगल, गावालगत सौम्य उतार, आणि दिदवेली, कोख्ता असे वेगवेगळे भाग. २०२३ मध्ये फ्रीस्टाइल स्कीइंगची जागतिक स्पर्धा तिथे झाली, म्हणजे अवघड उतारही आहेत, पण ते वेगळ्या बाजूला. आम्ही सहा दिवस राहिलो. तिसऱ्या दिवशी मी पहिल्या उतारावरून दुसऱ्यावर गेले, पाचव्या दिवशी झाडांतून जाणाऱ्या लांब उतारावरून न बसता, न पडता खाली आले. त्या दिवशी बर्फ भुरभुरत होता आणि तरी मला पुढचं वळण दिसत होतं.

शाकाहारी मंडळींनी जॉर्जियात घाबरू नये. खाचापुरी म्हणजे चीज भरलेली भाकरी, लोबियो म्हणजे राजम्यासारखी उसळ, आणि वाटलेल्या अक्रोडात कालवलेल्या भाज्या सगळीकडे मिळतात. "सामार्खवो" हा शब्द लक्षात ठेवा, त्यांच्या उपवासाचं जेवण. त्यात मांस, दूध, अंडी नसतात.

कझाकस्तानात अल्माटी शहराला लागून शिंबुलाक आहे. भारतीयांना तिथे १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, हा मोठा फायदा. तरी निघण्यापूर्वी नियम बदलला नाही ना, बघून घ्या. शहर साधारण ८०० मीटरवर, तिथे झोपायचं, आणि शहराच्या कडेच्या मेदेऊहून गंडोल्याने २,२६० मीटरवरच्या तळाला जायचं. झोप खाली, उतार वर. वरचा डोंगर मात्र खडा आहे, तीन हजारांच्या पुढे जाणारा. दोन-तीन दिवस चव घ्यायला उत्तम, आठवडाभर शिकायला मी दुसरीकडे जाईन.

बल्गेरियात युरोपातल्या मानाने खर्च कमी. २०२५ पासून तो देश पूर्णपणे शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) आला, तेव्हा शेंगेन व्हिसा चालतो. बान्स्कोचं नाव मोठं आहे, पण गाव खाली आणि शिकायचे उतार गंडोल्याने वर, त्यामुळे गर्दीच्या दिवसांत सकाळची रांग. पाम्पोरोवो लहान, जंगलातलं, सौम्य. नवशिक्यांसाठी मी ते आधी सुचवते. फ्रान्समध्ये आल्प दुएझचा विचार करा. गाव १,८६० मीटरवर आणि गावाच्या डोक्यावरच रुंद हिरव्या उतारांचं पठार. जपानमध्ये टोकियोहून शिनकानसेन या बुलेट ट्रेनने गाला युझावाला सुमारे सव्वा तासात पोचता येतं, स्टेशनातच स्की भाड्याने मिळतात. जपान फिरायला गेलात तर एक दिवस तिकडे द्या. पण शिकायचं असेल तर हाकुबा किंवा निसेको, तिथे इंग्रजीतून शिकवणारे भरपूर. आणि ज्यांना फक्त जुलै-ऑगस्टमध्येच सवड आहे, त्यांच्यासाठी न्यूझीलंडचं कार्ड्रोना.

आखातातून विमान बदलणार असाल तर एक युक्ती. दुबईच्या मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये २००५ पासून बंदिस्त स्की-उतार आहे. जाताना तिथे एक धडा घ्या. बूट कसे घालायचे, स्की कशी अडकवायची, पडल्यावर कसं उठायचं हे तिथेच उरकलं, तर डोंगरावरची पहिली सकाळ वाचते.

तारखा ठरवताना त्या देशाच्या सुट्ट्या बघा, आपल्या नव्हे. जॉर्जियात नाताळ ७ जानेवारीला असतो आणि १४ तारखेला जुनं नववर्ष, तोवर गर्दी. फ्रान्समध्ये फेब्रुवारीत शाळांना आळीपाळीने सुट्ट्या लागतात. जानेवारीचा शेवटचा आठवडा बहुतेक ठिकाणी शांत आणि स्वस्त. आम्ही तोच धरला.

ठिकाण पक्कं करण्याआधी दोन-तीन स्की-शाळांना पत्र लिहा. मी लिहिलेलं पत्र छोटं होतं. वय ६०, अजून अगदी नवशिकी, इंग्रजी येतं, सहा दिवस आहोत, आणि प्रश्न हे: नवशिक्या प्रौढांचा वर्ग वेगळा असतो की लहान मुलांबरोबर? एका शिक्षकामागे जास्तीत जास्त किती जण? तोच शिक्षक रोज असतो का? आम्ही येऊ त्या आठवड्यात मॅजिक कार्पेट चालू असेल का? दुसऱ्या उतारावर गेलो आणि घाबरलो, तर लिफ्टने बसून खाली येता येतं का? हा शेवटचा प्रश्न मुख्य आहे. गंडोल्यात येता येतं, खुर्चीच्या काही लिफ्टमध्ये येता येतं, ओढून नेणाऱ्या लिफ्टमध्ये नाही. एका शाळेने नुसतं दरपत्रक पाठवलं. दुसरीने प्रत्येक प्रश्नाचं एकेका ओळीत उत्तर दिलं आणि वर लिहिलं की गुडघ्याचा जुना त्रास असेल तर कळवा. आम्ही त्या दुसऱ्या शाळेतच गेलो. पहिले तीन दिवस रोज दोन-तीन तास शिक्षक घ्याच, आणि दुपारी त्याच उतारावर स्वतः घोटा. पूर्ण डोंगराचा पास आधीच काढू नका; बऱ्याच ठिकाणी फक्त खालच्या लिफ्टचा स्वस्त पास किंवा फेऱ्यांचं कार्ड मिळतं. विचारल्याशिवाय ते कुणी सांगत नाही.

विम्याबाबत मी कडक आहे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण त्यात स्कीइंग धरलेलं असेलच असं नाही. प्रवास विम्याच्या कागदात "साहसी खेळ वगळून" असं एक वाक्य बऱ्याचदा असतं. हिवाळी खेळांची जोड वेगळी घ्यावी लागते. डोंगरावरून सुटका, हेलिकॉप्टर, मोडलेलं हाड, आणि आपला रक्तदाब किंवा साखर असेल तर तेही, हे सगळं लेखी विचारा. इटलीत तर २०२२ पासून उतारावर जाणाऱ्याकडे दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा असणं कायद्याने सक्तीचं आहे.

सामान विकत घेऊ नका, तिथे भाड्याने मिळतं. दुकानात वजन, उंची, वय खरं सांगा, आणि "पहिल्यांदाच" हे ठासून सांगा. बूट स्कीला धरून ठेवणारी पकड या आकड्यांवरूनच लावतात. ती जास्त घट्ट लागली तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. बुटात एकच, लांब, पातळ मोजा. दोन घातले तर रक्त अडतं आणि पाय जास्त गार पडतात. हातमोजे, गॉगल आणि मोजे मात्र स्वतःचे न्या. ताजा बर्फ बरीचशी अतिनील किरणं परत फेकतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही डोळे भाजतात. माझ्या खिशात कंदी पेढे होते. थंडीत ते कडक होतात, तोंडात हळूहळू विरघळतात, आणि अकराच्या सुमारास पाय थरथरायला लागले की तेवढा आधार पुरतो.

शरीर मात्र इथेच तयार करायचं. स्कीइंगला लागतात त्या मांड्या चढताना नव्हे, उतरताना घडतात. दोन महिने आधीपासून मी अजिंक्यतारा रोज चढून सावकाश, गुडघे किंचित वाकवून उतरत होते. घरी भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, आधी अर्धा मिनिट, मग वाढवत दोन मिनिटं.

माझी भाची येत्या जानेवारीत पहिल्यांदा निघाली आहे. पाम्पोरोवो आणि आल्प दुएझ, अशी दोन नावं तिने काढली. दोन्हींचे समोच्च रेषांचे नकाशे माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरलेत. ज्या उतारांवर ती पहिले तीन दिवस असेल त्यांना मी लाल पेन्सिलीने वेढा घातला आहे. एका शाळेचं उत्तर आलंय, दुसरीचं यायचंय. तोवर तिला पहाटे सहाला गडाच्या पायथ्याशी यायला सांगितलं आहे.